उत्तर येईपर्यंत थांब

इस्पितळातल्या खाटेशेजारी सासूबाईंच्या औषधाच्या नळीतले थेंब पडायचे थांबले होते आणि औषध सोडणाऱ्या पंपाच्या पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत 'चालू' असं ठळक लिहिलेलं होतं. सून ताडकन उठली, कारण त्या पंपाच्या आतली सॉफ्टवेअरची यंत्रणा तिनेच लिहिली होती.

सासूबाईंचा रक्तदाब याच औषधावर तगून होता. पाच मिनिटांचाही खंड पडता कामा नये, असं डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते.

यंत्रणेची रीत तिने एकदा भाजी निवडताना सासूबाईंना समजावली होती. आतला कुठलाही प्रोग्राम औषध ढकलणाऱ्या मोटरला स्वतः हात लावत नाही. तो मधल्या कारभाऱ्याला चिठ्ठी पाठवतो, 'मोटर फिरव', आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतो.

"म्हणजे कचेरीच की गं!" सासूबाई हसल्या होत्या. "काम कुणी करायचं नाही, नुसते कागद हलवायचे."

किती वेळ गप्प बसायचं, हे मात्र सूनबाईंनी ठरवलंच नव्हतं. 'उत्तर येईपर्यंत' असं लिहून त्या मोकळ्या झाल्या. प्रोग्राम आणि कारभारी, दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना चिठ्ठी धाडली, तर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत जन्मभर बसणार. असं कशाला होतंय, असं तेव्हा वाटलं होतं. आता नेमकं तेच झालं होतं.

"सिस्टर! पंप अडकलाय!"

"घाबरू नका ताई. काही बिघडलं तर मशीन बोंबलेलच की."

"नाही बोंबलणार! भोंग्याचा हुकूमही त्याच अडकलेल्या भागातून जातो."

सिस्टरने बंद करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा ढिम्म. बटणही चिठ्ठीच पाठवत होतं.

सासूबाईंचे ओठ काळवंडले होते. त्यांचा हात गार लागला, तशी सून तो दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागली.

"तुम्हाला एवढं कसं माहीत?" सिस्टरने विचारलं.

खरं सांगितलं की नोकरी गेली, हे तिला कळत होतं. पण शब्द थांबले नाहीत. "मीच लिहिलंय ते. चूक माझी आहे. नळी बाहेर काढा, हाताने थेंब सोडा. पाया पडते तुमच्या!"

सिस्टरने नळीवरचा चिमटा आवळला, नळी पंपातून सोडवली, आणि चिमटा जरासा सैल करून घड्याळाकडे बघत थेंब मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. बऱ्याच वेळाने सासूबाईंनी डोळे किलकिले केले.

"रडतेस काय अशी? आहे मी अजून."

सून हसली आणि आणखीच रडली. सिस्टर मात्र दाराबाहेर, लांबलचक वऱ्हांड्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, या मजल्यावर असे चौदा पंप आहेत," ती म्हणाली. "सकाळपासून एकाचाही भोंगा वाजलेला नाही. मला वाटलं, आज सगळे बरे आहेत."