चिखलाचा शेजारधर्म

प्रयोगशाळेत फोन आणायचा नाही, हा नियम चिखलबाईंनीच केलेला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाही होता. त्या सकाळी मात्र त्याच पाटीखाली त्या कान आणि खांदा यांच्यात फोन दाबून उभ्या होत्या आणि हातांनी चिखलाच्या नळ्यांची झाकणं सैल करत होत्या. लेकीचा फोन म्हटल्यावर कसला नियम नि कसलं काय!

"आई, तू फक्त हो म्हण," ठमी म्हणत होती. "दुपारी घराच्या कागदांवर सह्या आहेत. एकदा सह्या झाल्या की आम्ही कायमचे इथले. पोराची शाळापण इथलीच."

"अगं, हजारदा सांगितलंय ना तुला?"

"मग हजार आणि एकदा सांग. तुझं ऐकून घेतलं की झोप लागते मला."

ठमी उत्तरेकडच्या एका बंदरात राहायची, नवरा आणि लहानग्यासह. समुद्रात दोरांना टांगून ठेवलेली यंत्रं असतात, पाणी किती वेगाने वाहतं ते मोजणारी. त्यांची देखभाल करणाऱ्या जहाजावर ती नोकरीला होती. ते बंदर भर थंडीतही गोठत नसे. दक्षिणेकडून उबदार पाण्याचा प्रवाह तिथवर येई, आपली ऊब वाऱ्याला देऊन टाकी, थंड आणि जड होऊन तळाशी बुडे आणि खालच्या खाली परत फिरे. विहिरीवरच्या रहाटासारखं हे चक्र फिरतंय, म्हणून तिथे माणसं राहतात. हिमयुगात हे चक्र अनेकदा बंद पडलं होतं, तेव्हा तिथे बर्फाशिवाय काही नव्हतं. एवढं सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते बंद पडायला किती वेळ लागला यावर, आणि या भांडणात चिखलबाईंनी उभा जन्म घालवला होता. त्यांचं उत्तर पक्कं होतं: हळूहळू, शतकानुशतकं.

"समुद्र केवढा थोरला आहे ठमे, त्याला कूस बदलायलाच शतकं लागतात. थांब, करवतकाकांनी नवी नळी आणलीय. एवढी उघडते आणि फोन करते. मग वाजतगाजत हो म्हणते तुला."

फोन खिशात गेला. करवतकाका म्हणजे समुद्रतळातून काढलेल्या चिखलाच्या नळ्या उभ्या चिरणारे गृहस्थ. नळीचे दोन अर्धे व्हायचे. एक अर्धा बाई खरवडायच्या, दुसऱ्याला कोणी बोट लावायचं नाही. तो जसाच्या तसा थंड कपाटात जायचा, उद्या शंका निघाली तर उत्तर द्यायला. यावर बाई इतक्या कडक होत्या की एकदा पाहुण्या मंत्र्यांच्या हातातून त्यांनी तो अर्धा काढून घेतला होता.

आजची नळी वेगळ्या जागेची होती. समुद्राच्या तळाशी किडे असतात, आणि ते मेले शांत बसत नाहीत. वरचा चिखल खाली, खालचा वर, सारखी कालवाकालव. पण ही नळी ज्या खोलगट भागातून आली तिथे तळाशी प्राणवायूच नव्हता, म्हणून किडेही नव्हते. एक काळा थर, एक फिका थर, मिळून एक वर्ष. कोणी हात न लावलेलं.

काकांनी वरचा अर्धा उचलला आणि बाईंचा हात जागीच थांबला.

खाली गडद तपकिरी चिखल, वर राखाडी. मधली रेघ इतकी स्वच्छ की कुणी पट्टी लावून ओढावी. राखाडी भागात बारीक खडी रुतली होती, हिमनगांनी वाहत आणून टाकलेली.

"काका, नळी तोडलीत तुम्ही."

"मी?" काकांच्या भुवया टोपीत गेल्या. "बाई, बायकोने भाजी चिरायला दिली तरी मी तुकडे मोजून देतो. नळी तोडीन?"

"मग दोन नळ्यांचे तुकडे जोडलेत. किंवा उलटी ठेवलीत."

काका चिडले की जास्त बोलत नसत, दाखवत. त्यांनी वरच्या टोकाचं लाल आणि खालच्या टोकाचं काळं झाकण बाईंच्या नाकासमोर धरलं. मग बोटाने, न टेकवता, रेघेच्या वर आणि खाली थर दाखवले. ते एकावर एक सलग बसले होते. कुठे फट नव्हती, चुरा नव्हता. शेवटी त्यांनी दुसरा अर्धा बाजूला आणून ठेवला. त्यावरही तीच रेघ, त्याच जागी.

"माफ करा," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द काकांनी पहिल्यांदाच ऐकला, आणि तेच जास्त घाबरले.

बाईंनी थर खरवडून, धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. समुद्राच्या वरच्या पाण्यात वाळूच्या कणाएवढे जीव तरंगत असतात. मेले की त्यांची कवचं तळाशी साचतात. त्यातली उबदार पाण्यातली कवचं उजवीकडे वळलेली, आणि गारठ्यात राहणाऱ्यांची डावीकडे. डावखुरी, असं बाई त्यांना म्हणायच्या. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून त्या वेगळी करायला लागल्या. तपकिरी थरात उजवी, उजवी, उजवी. वरच्या थरांत थोडी डावखुरी मिसळलेली. आणखी वर गेल्यावर डावखुरीच डावखुरी. एकही उजवं शोधून सापडेना. यामधल्या काळ्या-फिक्या जोड्या त्यांनी मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. दोन हातांच्या बोटांतही जागा उरत होती.

एक मूल पहिलीत जाऊन शाळेतून बाहेर पडायच्या आत समुद्र पालटला होता. शतकं कसली घेऊन बसलात!

मग बाईंनी तेच केलं जे त्या नेहमी करत आल्या होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एक रीत होती, शेजारधर्म. एखादा आकडा विचित्र आला की त्याच्यावर एकदम विश्वास ठेवायचा नाही. खालच्या आणि वरच्या शेजाऱ्याला विचारायचं, तिघांची सरासरी काढायची, तीच खरी धरायची. एकटा आकडा लबाड असतो, बाई शिकवायच्या. किड्यांनी खोडी केलेली असते, कधी हात चुकलेला असतो. ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की लहानपणी ठमीला ताप आला तरी तीनदा मोजून सरासरी काढायच्या. ठमीही कमी नव्हती. गणितात आपटली की म्हणायची, "आई, एकटा आकडा लबाड असतो. मागच्या नि पुढच्या परीक्षेला विचार."

आताही बाईंनी आकडे संगणकात घातले आणि शेजारधर्म लावला. एकदा लावल्यावर आलेखातली उभी रेघ तिरपी झाली. पुन्हा लावला, आणखी लवली. तिसऱ्यांदा पडद्यावर एक सुरेख, सौम्य उतार उमटला. तो त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या प्रत्येक शोधनिबंधात, व्याख्यानात, ज्या आलेखाने त्यांना नाव मिळालं त्यात, हाच उतार होता.

म्हणजे तो उतार समुद्राचा नव्हताच. थोडा किड्यांनी केलेला होता आणि उरलेला बाईंनी. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, त्यांची तर आयुष्यभराची सरकली होती.

"काका, बर्फोबाला बोलवा."

बर्फोबा म्हणजे बाईंचे यजमान. त्याच इमारतीत तळघरातल्या शीतगृहात ते ध्रुवाकडचं जुनं बर्फ कापत आणि त्यातून जुनी हवामानं वाचत. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच म्हणणं: बर्फात उडी दिसते, समुद्राने झटक्यात रंग बदलला असणार. आणि बाईंचं एकच उत्तर: तुझं बर्फ उतावळं आहे, तुझ्यासारखंच. जेवणाच्या टेबलावर या वादात कित्येक भाज्या गार झाल्या होत्या. ज्या दिवशी तू हरशील त्या दिवशी प्रयोगशाळेत नाचीन, असं बर्फोबांनी पाहुण्यांसमोर जाहीर केलेलं होतं.

ते जाड कोट तसाच घालून वर आले. बाईंनी खुर्ची सोडली. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, मग नळी, मग दुसरा अर्धा. बराच वेळ वाकून पाहिलं.

"नाच आता," बाई म्हणाल्या. "हरले मी."

बर्फोबा स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठमीच्या सह्या आजच ना?" त्यांनी विचारलं. "हे चुकीचं निघावं, असं आज पहिल्यांदा वाटतंय गं मला. नीट बघ ना पुन्हा. काहीतरी चुकलं असेल तुझं."

आयुष्यभर जिंकायला टपलेला माणूस हरायची भीक मागत होता. बाईंनी त्याच पाटीखाली फोन काढला.

"काय, बोल वाजतगाजत!" ठमी हसत होती. मागे भांड्यांचा आवाज आणि नातवाची बडबड.

"सह्या केल्यास?"

"निघतोच आहोत. का गं?"

"करू नकोस."

बाईंनी भराभर सांगून टाकलं. रेघ, डावखुरी कवचं, बोटांवर मोजता येणारी वर्षं. "ते हिमयुग होतं ठमे. तेव्हा केवढं बर्फ होतं वितळायला, त्या गोड्या पाण्यानेच चक्र अडलं. आज तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण समुद्र हळूच वळतो, असं जे मी तुला सांगत आले ते खोटं ठरलं. मला हो म्हणता येत नाही. मला माहीत नाही, एवढंच खरं."

"आई, किती घाबरवलंस!" ठमीने श्वास सोडला. "ती जुनी गोष्ट झाली. आमची यंत्रं आत्ताचा प्रवाह मोजतात ना. सगळं ठणठणीत आहे, आलेख बघ माझा, कसा गुळगुळीत."

गुळगुळीत. बाईंनी टेबलाची कड धरली.

"ठमे, एखादा आकडा विचित्र आला तर तुम्ही काय करता?"

"हे काय विचारणं झालं? शेजारधर्म! सगळ्या जहाजाला मीच शिकवलाय तो. पोरं थट्टा करतात, तुझ्या आईचा धर्म म्हणून."

"या हिवाळ्यात किती वेळा लावावा लागला?"

नातवाला कुणीतरी दुसऱ्या खोलीत नेलं, दार लागलं.

"बऱ्याचदा," ठमी म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता, ताप आलेल्या पोरीचा. "एकेकटा यायचा गं, म्हणून... आई, सगळे एकाच बाजूचे होते. सगळे कमी."

बर्फोबांनी ते ऐकलं. कोटाच्या खिशातला त्यांचा हात बाहेर आला आणि बाईंच्या पाठीवर थांबला. हात गार होता.

"मूळ आकडे फेकले नाहीस ना?"

"नाही. न खरवडलेला अर्धा ठेवायचा, ते पण तूच शिकवलंस."

"घराचे कागद बाजूला ठेव. ते आकडे उघड आणि वाच मला, सरासरीच्या आधीचे."

कागद सरकल्याचा आवाज आला. ठमीने पहिला आकडा वाचला आणि सवयीने थांबली.

"शेजाऱ्यांना विचारू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढचा सांग."