लाभपाचमेचा झोपाळा

मित्रांनो, इतकी वर्षं झाली तरी माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत. लागणार कसे? मला पायच नाहीत. मी एक जुना झोपाळा आहे. गुजरातेतल्या उत्तरसंडा गावी, एका पापडवाल्यांच्या घरात, पितळी साखळ्यांना लटकून मी जगतो.

माझा जन्म संखेड्याचा. तिथल्या कारागिराने सागाचे दांडे कातले, त्यांवर लाखेचा रंग चढवला आणि अकीकाच्या दगडाने मला इतकं घासलं की गुदगुल्या झाल्या. पापडांचा धंदा नुकताच सुरू केलेले बापूजी मला घरी घेऊन आले. तेव्हापासून त्यांची पेढी म्हणजे मीच. धंद्याचं बोलायचं तर माझ्यावर बसूनच, हा घरचा नियम.

दिवाळीनंतर लाभपाचमेला नव्या वर्षाचा धंदा उघडतो. त्या दिवशी बापूजी पोथी उघडत. श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितलेला जो श्लोक समोर येई, त्याप्रमाणे वर्षभर धंदा करत. एकदा रागाने बुद्धी कशी झाकोळते, तो श्लोक आला. त्या वर्षी बापूजींनी एकाही व्यापाऱ्याला चिडून उत्तर दिलं नाही. व्यापारी चकित झाले, आणि वाढलेही.

बापूजी गेल्यावर धंदा थोरली सून हर्षिदा आणि धाकटा मुलगा किरीट यांच्याकडे आला. किरीटला मशीन हवं होतं. हर्षिदाला गावातल्या बायकांच्या हातचेच पापड हवे होते. बोलणं बंद झालं. माझ्यावर कुणी बसेना. ओले टॉवेल मात्र वाळू लागले. झोपाळ्याचा याहून मोठा अपमान नाही. शेवटी लाभपाचमेलाच वाटणी करायचं ठरलं.

त्या सकाळी दोघं माझ्या दोन टोकांना बसली. तो रेटायचा पुढे, ती त्याच क्षणी मागे. मी जागच्या जागी वेडावाकडा थरथरू लागलो. पापड लाटणाऱ्या बायका दारात जमल्या होत्या. त्यांतली रेवाबेन म्हणाली, "अगं बाई, झोपाळ्याला हुडहुडी भरली!"

बायका फिस्सकन हसल्या. बापूजींच्या पत्नी, म्हणजे बा, समोर पाटावर बसल्या होत्या. त्यांनी पोथी पुढे केली. "वाटणी मग. आधी वाच, किरीट."

किरीटने वाचलं. देवांनी माणसांना पोसावं आणि माणसांनी देवांना. असं एकमेकांना पोसत गेलात तर दोघांचंही भलं होईल.

"बा, हे यज्ञाबद्दल आहे. पापडांबद्दल नाही."

"तुझे बापूजी दुसरं काय करत होते? आता ऐका. दोघांनी फक्त आपण काय देणार ते सांगायचं. मागितलं कुणी, तर त्याला आज जलेबी नाही."

आतून जलेबीचा वास येत होता.

"येऊ दे मशीन," हर्षिदा हळूच म्हणाली. "पीठ कुटायला. कुटून कुटून बायकांचे खांदे भरून येतात, ते मलाही दिसतं."

किरीटने मान वर केली. "मग लाटणं बायकांकडेच राहील, भाभी. मी हात लावणार नाही."

"तुम्ही हात लावलात तर पापडाचा नकाशा होईल, किरीटभाई!" रेवाबेन दारातून म्हणाली.

"आणखी?" बा म्हणाल्या.

"लाट्या मी घरोघर पोचवीन. पावसाळ्यातसुद्धा."

"मग तुमचं दुपारचं जेवण माझ्याकडे."

"रोज खिचडी नको हं, भाभी!"

"मागितलंस! तुझी जलेबी गेली," बा ओरडल्या.

हर्षिदा इतकी हसली की तिचा पाय आपोआप रेटला गेला. त्याच वेळी किरीटचाही. आणि मित्रांनो, मी निघालो! पुढे, मागे, पुन्हा पुढे, अगदी ओसरीच्या खांबापर्यंत. वाटणीचं कुणी नाव काढलं नाही. हर्षिदाने आपल्यातली अर्धी जलेबी मोडून किरीटला दिली.

आज माझा रंग उडालाय, साखळ्या कुरकुरतात. तुमच्या घरी झोपाळा असेल तर त्याच्या कड्यांना अधूनमधून तेल घाला. त्यावर एकट्याने बसू नका. कुणाशी भांडण झालं असेल, तर त्यालाच शेजारी बसवा. तो कधी रेटतो याची वाट बघू नका. पहिला रेटा तुम्ही द्या. पुढचं मी सांभाळतो.