फाटकापलीकडचा बुटका ज्वालामुखी

माझ्या वाटेवर फाटक ठोकणाऱ्या साहेबलोकांनो, तुम्ही त्यावरच्या पाटीवर लिहिलंय, ‘ज्वालामुखी अशांत आहे.’ धडधडीत खोटं! मी शांत आहे की अशांत, हे दोन वर्षांपासून तुम्हाला ठाऊकच नाही.

मित्रांनो, मी जपानच्या क्यूशू बेटावरचा एक बुटका ज्वालामुखी आहे. म्हातारा, पण जिवंत. राखेवर राख साचत गेली आणि मी उभा राहिलो. लांबचे पाहुणे फोटो काढतात ते माझ्या मागच्या उंच पर्वताचे. माझ्याकडे यायची ती पायथ्याच्या गावची माणसं. दीड तासात माथ्यावर पोहोचायची, गंधकाच्या वासाने नाक मुरडायची, माझ्या वाफेवर अंडी आणि रताळी ठेवायची आणि ती शिजेपर्यंत भाताचे मुटके खात बसायची. त्या वाफेचा मला केवढा अभिमान होता!

माझ्या अंगावर खुजा बांबू माजतो. दरवर्षी कापला नाही, तर तो वाट गिळतो. म्हणून मे महिन्यात, चढाईचा हंगाम सुरू होण्याआधी, गाव विळे घेऊन यायचं. सर्वांत पुढे त्सुनेहिको न्हावी.

“गावाची डोकी पुरली नाहीत वाटतं? आता डोंगराची हजामत!” शिगेनो आजी मागून ओरडायच्या.

“डोंगर बरा, आजी. खुर्चीत बसून तुमच्यासारखी बडबड तरी करत नाही!”

सहा वर्षांपूर्वी मला खोकला आवरला नाही. राख उडाली, मुठीएवढे दगड पडले. कोणाला लागलं नाही, पण लागलं असतं. तेव्हा तुम्ही फाटक लावलंत ते योग्यच केलंत. मी गरीब गाय आहे, असं मी कधी म्हटलेलं नाही. माझी धडधड मोजायला तुम्ही काठावर यंत्र बसवलंत. यंत्राने सलग वर्षभर शांतता दाखवली की फाटक उघडेल, असा नियम केलात. मी अधूनमधून धडधडत राहिलो, त्यामुळे ते वर्ष काही भरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वादळात ते यंत्र आडवं झालं. आजही तसंच पडलंय. त्याच्यात आता कोळ्याने घर केलंय. माझ्याजवळ राहणारा तेवढाच.

यंदा मे महिन्यात फाटकाशी आवाज आले. सहा वर्षांनी विळ्यांचा आवाज! अकरा म्हातारी माणसं, डोक्यावर शिरस्त्राणं घालून. समोर तुमचा तरुण अधिकारी.

“वाट मोकळी केल्याशिवाय दुरुस्तीवाले वर जाणार कसे?” त्सुनेहिकोने विचारलं.

“यंत्र सुरू झाल्याशिवाय कोणालाच आत सोडता येत नाही, त्सुनेहिको-सान.”

“दोघं दोघं जातो. दुपारच्या आत परत येतो.”

“नियम आहे.”

“मग आम्ही मेल्यावर उघडणार का?”

अधिकारी कमरेत वाकला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “क्षमा करा.”

शिगेनो आजी म्हणाल्या, “वाक, बाळा, अजून वाक. खाली कुठे वाट दिसते का बघ.”

सगळे हसले. त्सुनेहिकोही हसला, मग काठी टेकत सर्वांआधी माघारी फिरला. त्याचं वय अठ्ठ्याहत्तर. बांबूखाली वाट कुठे वळते आणि कुठे जमीन पोकळ आहे, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तो गेला की माझ्याकडे यायचा रस्ताही गेला.

मित्रांनो, मी रोज वाफ सोडतो. तिच्यावर काहीच शिजत नाही. पण माझा एकटेपणा राहू द्या बाजूला. धोक्याच्या गोष्टीवर तर जास्त लक्ष ठेवावं लागतं. तिला नुसतं कुलूप घालून पाठ फिरवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. उद्या मला पुन्हा खोकला आला, तर गावाला आधी सांगणार कोण? तो आडवा पडलेला डबा?

साहेबलोकांनो, तुमची क्षमा नको. यंत्र दुरुस्त करायला कोण येणार, आणि त्याला वाट दाखवायला त्सुनेहिकोला आत कधी सोडणार? तारीख सांगा.