बॅनरवरची दुसरी जागा

"वेंकोबा, यातून महेशला काढा," त्रिपुरसुंदरी अक्का म्हणाली. "आणि रांग पुढे सरकवा. जागा रिकामी दिसायला नको."

वेस्ट मांबलममधल्या आपल्या फोटो-बॅनरच्या दुकानात वेंकोबा बावीस वर्षं अक्काच्या टोळीचे बॅनर करत होता. मद्रासची रीतच ती. वाढदिवस असो की देवळाचा उत्सव, चौकात बॅनर लागणार, आणि त्यावर ज्याचा मान मोठा त्याचा फोटो मोठा. सगळ्यांत वर अक्का, तिच्याखाली तिचा उजवा हात महेश, मग एकेक वस्ती सांभाळणारे, आणि तळाला पोरंटोरं, पोस्टाच्या तिकिटाएवढी. कोण चढला, कोण उतरला, हे पोलिसांच्या आधी वेंकोबाला कळायचं. एकदा त्याने चुकून दोघांचे फोटो सारखेच केले, तर खरोखर डोकी फुटली. तेव्हापासून बिचारा पट्टीने मोजायचा.

त्याने महेशला काढलं. त्या जागी त्याच्या खालचा नागोजी आला.

"आणखी एक बॅनर," अक्का उठता उठता म्हणाली. "श्रद्धांजलीचा. महेशचाच. तारीख मागाहून सांगते."

महेश तर अजून जिवंत होता. वेंकोबाच्याच तंजावरी मराठी मंडळींतला, त्याच्या लेकीच्या, हरिप्रियाच्या लग्नात पंक्ती वाढायला उभा राहिलेला. गुंड खरा, पण आपला. आणि पाच वाजता तो हाच बॅनर बघायला येणार होता.

तो आला.  वेंकोबाने नुसता स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

"माझ्या जागी नागोजी, मामा?"

"अक्का येऊन गेली. तू मागल्या दारानं जा रे. गुम्मिडिपूंडीची गाडी धर, पुढं आंध्रा लागतं."

"मागल्या दाराशी नागोजीच उभा आहे. सोबतीला आलो म्हणाला." महेश हसला, पण ते हसू टिकलं नाही. "दुसरा बॅनरही सांगितला असेल. मागल्या खेपेला दुसऱ्या कुणाचा सांगायला मीच तर आलो होतो."

तेव्हा वेंकोबाने काही न विचारता तो छापला होता आणि घरी जाऊन पोटभर जेवला होता. आज त्याला स्वतःची लाज वाटली.

"फोटो कुठला घालणार?" महेशने विचारलं.

"यातलाच."

"तो नको मामा. त्यात मी अक्कापुढं हात जोडलेत. एकट्याचा काढा."

महेशने केस विंचरले, कॉलर नीट केली आणि स्टुलावर ताठ बसला. वेंकोबाला फोटो तीनदा काढावा लागला.

"बरा आला?"

"चांगला आलाय," वेंकोबा म्हणाला आणि त्याला दारापर्यंत सोडायला गेला.