माईकची खंडेनवमी

उल्काचा मुलगा अवधूत कंपनीच्या कामावरून अमेरिकेहून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत दोन माईक होते. उल्काला आधी ते टॉर्च वाटले. माईक म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखा, ज्यावर टिचक्या मारून मंडळाचे कार्यकर्ते ‘हॅलो, हॅलो’ करतात तो, अशी तिची समजूत. हे दोघे बोटाएवढे जाड, वीतभरसुद्धा लांब नाहीत, टोकाला बारीक जाळी. अवधूतने सांगितलं की हे कंडेन्सर माईक आहेत, आतला पडदा लहान असतो म्हणून बारीकसारीक आवाज चटकन पकडतात. आणि ही मॅच्ड पेअर आहे, म्हणजे कारखान्यातच कान जुळवून जोडी लावून दिलेली. पत्रिका बघून का, असं उल्काने विचारलं. तो म्हणाला, आई, प्लीज.

त्याला त्यावर गिटार रेकॉर्ड करायची होती. पण हडपसरच्या ऑफिसात एकामागून एक सॉफ्टवेअरचे रिलीज लागले, गिटारवर इस्त्रीचे कपडे पडायला लागले आणि माईक कपाटात स्वेटरांखाली गेले. पुण्यात स्वेटरांखाली गेलेली वस्तू वर यायला डिसेंबर लागतो. उल्काने तेवढी वाट पाहिली नाही. ती एका पतपेढीत कारकून होती आणि यंत्रांशी तिचा संबंध मिक्सरपर्यंतच होता. तिने सोबतचं माहितीपत्रक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं, माईकला वायरीतूनच वीज पुरवणारी छोटी पेटी अवधूतच्या जुन्या लॅपटॉपला जोडली आणि रविवारी दुपारी घरातल्या वस्तू रेकॉर्ड करत बसायला लागली. विळीवर चिरलेली कोथिंबीर. तांब्यात पडणारं पाणी. नवऱ्याचं वर्तमानपत्र. या माईकांना सगळंच ऐकू यायचं, त्यामुळे नवरा वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसायला लागला.

पण हा सगळा रियाज होता. उल्काच्या डोळ्यांसमोर होते ते अण्णा.

अण्णा म्हणजे यज्ञेश्वर लेले, कर्वेनगरला पलीकडच्या सोसायटीत राहणारे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते जलतरंग वाजवत. चिनी मातीच्या वाट्या अर्धवर्तुळात मांडायच्या, प्रत्येकीत हव्या त्या सुराइतकं पाणी घालायचं आणि दोन काड्यांनी वाजवायचं. उल्का त्यांच्याकडे दर गुरुवारी शिकायला जायची, आणि इतक्या वर्षांनंतर तिचा हात बसला नव्हता, पण कान बसला होता. अण्णा म्हणायचे, श्रोते तयार करणं हेही पुण्यकर्मच आहे.

अण्णांनी स्वतःचं वाजवणं कधी नीट ऐकलेलं नव्हतं. एकदा मेहुण्याने कॅसेटवर घेतलं, तर मेहुण्याच्या बायकोने त्यावर मंगळागौरीची गाणी भरली. एकदा गणेशोत्सवात वाजवलं ते कोणीतरी टेप करून आणून दिलं, पण मांडवातल्या माईकवर ते कँटीनमध्ये कपबशा विसळल्यासारखं आलं होतं. अण्णांनी ते दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, विसळतो बरा.

आता ते कायमचे मुलीकडे, तनयाकडे, अमेरिकेला निघाले होते, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तनयाने फोनवर सांगितलं होतं की वाट्या आणू नका, वाटेत फुटतील, इथे बाउल चिकार मिळतात. अण्णांना ते फार लागलं होतं. त्या वाट्या मंडईच्या मागच्या बाजूला आणि जुन्या बाजारात एकेक वाजवून गोळा करण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. तेव्हा उल्काने ठरवलं की हा माणूस विमानात बसायच्या आधी त्याला त्याचं वाजवणं एकदा नीट ऐकवायचं. दुसरं काही तिला नको होतं.

अष्टमीला संध्याकाळी ती स्टँड, माईक, पेटी आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेली. एक माईक डावीकडे खर्जातल्या मोठ्या वाट्यांवर, दुसरा उजवीकडे वरच्या सुरांच्या लहान वाट्यांवर, दोघे तिरके, एकमेकांकडे न बघता, अशी मांडणी तिने पत्रकातून पाठ केली होती. दोन वाट्या वाजवून बघितल्या. काडी टेकते तो क्षण वेगळा आणि मागून उमलणारा नाद वेगळा, असं ऐकू आलं तेव्हा ती हेडफोन काढायलाच विसरली. नवमीला अण्णा वाद्याला हात लावत नसत, पूजा असे. म्हणून दसऱ्याला सकाळी वाजवायचं ठरलं. माईक उतरवून नेऊ का, असं तिने विचारलं. अण्णा म्हणाले, राहू देत की, खातायत का काही.

दसऱ्याला सकाळी ती पोचली तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या गाड्यांपुढे नारळ फुटत होते. अण्णांनी दार उघडलं. ते प्रसन्न होते. आतल्या खोलीत वाट्यांना हळदकुंकू लावलेलं होतं, काड्यांना झेंडूचं फूल होतं, हे दरवर्षीचंच. पण माईकच्या स्टँडलाही एकेक झेंडूची माळ होती, आणि दोन्ही माईकच्या टोकांना, अगदी जाळीवर, पूजा झालेली होती. डाव्याला गंध लावलेलं होतं, ओलं, भरघोस, वर अक्षता. उजव्याला हळदकुंकू.

ती बघत राहिली. अण्णांनी समजावून सांगितलं की घरात आलेलं हत्यार, ते पाहुणं असलं तरी, खंडेनवमीला पूजेवाचून ठेवू नये. शिवाय जोडी आहे असं तिनेच सांगितलं होतं. तेव्हा त्यातल्या एकाला गंध आणि एकीला हळदकुंकू हे ओघानेच आलं.

“पण अण्णा, जाळीवर?”

“मग कुठे? तोंड तिकडेच आहे ना त्याचं? कपाळ काय पाठीला असतं?”

यात चूक काढायला जागा नव्हती. हे माईक टोकानेच ऐकतात, तोंड तिकडेच होतं. अण्णांनी कपाळ बरोबर ओळखलं होतं.

तिने गॅलरीत जाऊन अवधूतला मोबाईल लावला. तो झोपेतून उठला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की आमच्या ऑफिसात सर्व्हरलासुद्धा हळदकुंकू लावतात, पण बाहेरून. गंध लावलेला गेलाच समज, पाणी मारू नको, दुसरा उलटा करून हलक्या हाताने झटक. ओरडला मात्र नाही. त्याच्या आवाजात किंचित सुटल्याचा भाव होता. गिटार आता रीतसर विसरता येणार होती.

पण माईक झटकता येईना, कारण उत्तरपूजा झाली नव्हती. अण्णा म्हणाले, मांडलेली पूजा अशी मोडता येत नाही. मग त्यांनी सावकाश आंघोळीचं पाणी काढलं, सोवळं नेसले, वाट्यांवर, काड्यांवर आणि दोन्ही माईकवर अक्षता टाकल्या आणि पुन्हा यायचं निमंत्रण दिलं. उल्का मनात म्हणाली, येतायत कसले.

गंधवाल्यात आवाज होता, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. चंदन जाळीच्या भोकाभोकांत वाळून प्लास्टर झालं होतं. तिने तो पिशवीत ठेवला. हळदकुंकूवालीला तिने उलटं धरलं, पाठीवर थोपटलं, रंगाच्या मऊ ब्रशने टोक झाडलं. जमिनीवर हळद पडली. हेडफोन लावला तर आधी चरचर आली, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी, मग ती थांबली आणि पंख्याचा आवाज आला. उल्काने पंखा बंद केला. अण्णा गुन्हेगारासारखे चौरंगावर बसून होते आणि तसं दिसू नये म्हणून झेंडूचा देठ सोलत होते.

आता अर्धवर्तुळ तेवढंच आणि कान एकच. ती माईक हातात धरून वाट्यांभोवती फिरत राहिली आणि ती सांगेल ती वाटी अण्णा वाजवत राहिले. फार जवळ गेलं की काडीचा टकटकाट, फार मागे गेलं की पार्किंगमधले नारळ. शेवटी अण्णांच्या समोर, हातभर अंतरावर, थोडा वरून वाकलेला, अशी एक जागा सापडली की जिथे खर्जही धरला जात होता आणि वरच्या लहान वाट्याही स्वच्छ येत होत्या. तिने स्टँड तिथे घट्ट केला.

अण्णांनी दुर्गा राग वाजवला. मधे एकदा खाली नारळ फुटला, तो समेवर फुटला. त्यांचा हात अजून हलका होता. उल्काने डोळे मिटले नाहीत, कारण तिला लॅपटॉपच्या पडद्यावरच्या रेघा बघायच्या होत्या. त्या वर जात होत्या, खाली येत होत्या. संपलं तेव्हा तिने उगाचच एक वायर गुंडाळली.

मग तिने हेडफोन अण्णांच्या डोक्यावर बसवला आणि सुरू केलं.

अण्णांनी ऐकायला सुरुवात केली. आधी भुवया वर गेल्या. मग मान हळूहळू हलायला लागली, दुसऱ्या कोणाचं तरी ऐकताना दाद देतात तशी. उल्काला वाटलं, झालं, जमलं. आणि जिथे राग वरच्या सप्तकात जातो तिथे ती मान थांबली. अण्णांनी हेडफोन कानावर दाबून धरला. आवाज वाढव, अशी खूण केली. तिने वाढवला. पुन्हा वाढवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“वरच्या वाट्या आल्याच नाहीत,” ते म्हणाले. “माझ्या कुंकवाने खाल्ल्या.”

वरच्या वाट्या आल्या होत्या. हेडफोन अण्णांच्या कानावर दाबलेला होता तरी त्यातून त्या सुईसारख्या उल्काला ऐकू आल्या होत्या. मग तिला उमगलं ते एकदमच. गेलं वर्षभर अण्णा वरच्या वाट्या वाजवून लावत नव्हते. वाटीच्या आत पेन्सिलीची खूण होती, तिथपर्यंत पाणी घालत होते.

आता खरं सांगावं, तर हा माणूस उद्या विमानात बसणार तो आपले कान गेले हे घेऊन. न सांगावं, तर आपल्याच हाताने आपलं वाजवणं घालवलं हे घेऊन. उल्का पतपेढीत थकबाकीदारांशी बोलायची, तिला आढेवेढे घेता यायचे.

“कुंकवाने नाही,” ती म्हणाली. “हेडफोन साधा आहे. त्याला झेपत नाही वरचं.”

अण्णांनी हेडफोन उलटासुलटा करून पाहिला.

“तुला झेपलं?”

“हो.”

“कशा आल्यात?”

छान, असं ती म्हणणार होती. पण छान हा शब्द अण्णांपुढे कोणी उच्चारत नसे, त्याला ते फसवणूक म्हणत.

“तार षड्ज चढाय. केसभर.”

“कोण, मी?”

“वाटी.”

खाली कोणीतरी नवी गाडी सुरू करून रेस करत होतं. अण्णा त्या शेवटच्या लहान वाटीकडे बघत राहिले. त्यांच्या वाट्यांतल्या पाण्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला उल्काने इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. तनयाने लहानपणी एकदा चमचा बुडवला होता, त्याची गोष्ट ती अजून सांगायची. अण्णांनी चौरंगाखालचा चमचा काढला, पंच्याला पुसला आणि उल्कापुढे धरला.

“लाव.”

तिने चमच्याने तांब्यातलं थेंबभर पाणी घातलं. अण्णांनी काडी मारली. ते वाटीकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने अजून एक थेंब घातला. त्यांनी पुन्हा काडी मारली. तिने मान हलवली.

“धैवत बघ.”

तिने धैवत बघितला. वरच्या सगळ्या वाट्या अशा लागल्या, त्याला बराच वेळ गेला. मधे एकदा त्यांना पटलं नाही, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

“कर सुरू तुझं,” ते म्हणाले.

त्यांनी दुर्गाच पुन्हा वाजवला, मघापेक्षा थोडा संथ. वरच्या सप्तकात जाताना दर वेळी ते उल्काकडे बघत आणि ती मान हलवत असे. दोनदा तिने हलवली नाही, तेव्हा त्यांनी तीच जागा परत घेतली. संपल्यावर काड्या वाट्यांवर आडव्या ठेवल्या.

हेडफोन त्यांनी मागितला नाही.

“आल्या?” एवढंच विचारलं.

“आल्या,” उल्का म्हणाली.

अण्णांनी खर्जाची मोठी वाटी उचलली, तिच्यातलं पाणी बादलीत ओतलं आणि ती पुसून पंच्यावर पालथी घातली. मग पुढची उचलली.