जांभळी खूण

लोरेत्ताने मला आमच्या मोटरसायकल टीमचा इतिहास सांगायला उभं केलं, तिथेच सगळं फिसकटलं. "विदमेरकाका, जुन्यातले तुम्हीच राहिलात," ती म्हणाली. "बाबा गेले. शेड विकली, आता तिथे व्यायामशाळा होणार. शेवटच्या जेवणाला निदान कोणीतरी सांगायला हवं ना, आपण काय काय जिंकलं ते."

"ओरियानो आहे की," मी म्हटलं.

ती गप्प झाली. ओरियानोचं नाव काढलं की आमच्या गावात सगळे असेच गप्प होतात, चौतीस वर्षं. "त्यांना जेवायला बोलावलंय," एवढंच ती म्हणाली.

तर आता इतिहासच सांगतो. त्या दिवशी जेवणाला सांगितला तसा नाही, घडला तसा.

लोरेत्ताच्या बापाचा, आदेल्मो पाझाल्याचा, कोंबड्यांचा धंदा होता. चौऱ्याहत्तर साली त्याने अर्ध्या शेडमधल्या कोंबड्या विकल्या आणि तिथे मोटरसायकली आणल्या. उरलेल्या अर्ध्यात कोंबड्या तशाच. मी आणि ओरियानो तेव्हा विशीतले, एकाच आळीतले, एका सायकलवर डबलसीट कामाला यायचो. कार्बोरेटर उघडला की आत पीस सापडायचं. शर्यतीच्या ठिकाणी मोठ्या टीमांचे मेकॅनिक आम्हाला बघून कोंबडीसारखे आवाज काढायचे. आदेल्मो शांतपणे म्हणायचा, "ओरडू द्या. अंडी आपणच घालणार." एकोणऐंशी साली आम्ही जगज्जेतेपद मिळवलं. ब्याऐंशीला दुसरं, पंच्याऐंशीला तिसरं. एक्केचाळीस शर्यती जिंकल्या. जर्मनीतल्या पावसात आमची गाडी चालवणारा पोरगा दुसऱ्या नंबरवाल्याच्या अख्खे एकवीस सेकंद पुढे होता, आणि तो रेषा ओलांडून आला तेव्हा ओरियानो माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. त्यानंतर कोंबडीचा आवाज काढायची कोणाची छाती झाली नाही.

हे सगळं कशाच्या जोरावर? नेलपॉलिशच्या. हसू नका. आदेल्मोच्या बायकोचं ब्यूटी पार्लर होतं. तिथे न खपलेल्या बाटल्या तो शेडमध्ये आणायचा आणि प्रत्येक मेकॅनिकला एकेक रंग द्यायचा. बोल्ट पान्याने पक्का आवळला की त्याच्या डोक्यावरून स्वतःच्या रंगाची रेघ ओढायची. रेघ दिसली म्हणजे काम झालं, आणि कोणी केलं तेही कळलं. आधी पाना, मग रंग. हा आमच्याकडे देवाच्या आज्ञेसारखा नियम होता. मला चेरीचा लाल रंग मिळाला होता. ओरियानोच्या वाट्याला जांभळा आला. गावातली एकही बाई तो लावायला तयार नव्हती. आम्ही त्याला 'नवरीबाई' म्हणायचो. तो म्हणायचा, "जळा लेको. माझी खूण आंधळ्यालाही दिसेल."

अठ्ठ्याऐंशीचा सप्टेंबर. घरची शर्यत, चौथं जगज्जेतेपद आठ गुणांनी आमच्या बाजूला. चालवणारा एर्मेस, आमच्याच गावातल्या तंबाखूच्या दुकानवाल्या इनेसबाईंचा एकुलता एक मुलगा, तेवीस वर्षांचा. सकाळी ढग आले, गेले, आदेल्मोने ऐन वेळी पावसाच्या टायरचं पुढचं चाक बदलायला लावलं. चाक बदलायचं म्हणजे पुढचे ब्रेक काढून परत बसवायचे, चार बोल्ट. पुढचं चाक नेहमी ओरियानोचं. त्याने तीन आवळले, तीन जांभळ्या रेघा ओढल्या, तेवढ्यात त्याला कोणीतरी टायरच्या हवेसाठी हाक मारली. मी शेजारीच होतो. म्हटलं, मित्राचं एक काम हलकं करू. चौथा बोल्ट मी बोटांनी फिरवून बसवला. पाना पलीकडच्या खोक्यात होता. रेघ आधीच ओढून ठेवली, पाना आणून आवळतोच आहे, असं मनाशी म्हणत. माझी लाल बाटली वाळून गेली होती, म्हणून हाताशी होती ती जांभळी घेतली. आणि आदेल्मो ओरडला, "विदमेर, पेट्रोल." मी उठलो. ओरियानो परत आला, चार जांभळ्या रेघा बघितल्या आणि गाडी बाहेर ढकलली.

सहाव्या फेरीला सरळ रस्त्याच्या टोकाशी एर्मेसचा ब्रेक निखळला. तो भिंतीवरच गेला. त्यापुढचं मी सांगणार नाही.

तो बोल्ट संध्याकाळी गवतात सापडला. आटे शाबूत, म्हणजे तुटला नव्हता, सैल होऊन निघाला होता. डोक्यावर जांभळी रेघ. आदेल्मोने तो टेबलावर ठेवला. ओरियानो त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला तीनच आठवतायत. पण खूण तर माझीच आहे." आमच्या शेडमध्ये माणसाच्या आठवणीपेक्षा रंगावर जास्त विश्वास होता, त्याचा तर सगळ्यात जास्त. स्वतःच्या डोक्याला त्याने खोटं ठरवलं. आदेल्मोने माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसलो. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी स्वतःच्या पायाने सुळीकडे चालत निघालेला. मला म्हणायला काय झालं होतं? चार शब्द होते. तो बोल्ट माझा आहे.

ओरियानो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. पुढे गवत कापायची यंत्रं आणि विहिरीचे पंप दुरुस्त करायचा, मोटरसायकलला परत हात लावला नाही. बायको दोन वर्षांनी माहेरी निघून गेली. म्हणे, घरात सतत तेवीस वर्षांचा पोरगा जेवायला बसल्यासारखं वाटतं. आम्ही भेटलो की तो एकच विचारायचा. "विदमेर, तू शेजारीच होतास. चौथ्याला मी पाना लावताना पाहिलंस का रे?"

"नाही पाहिलं," मी म्हणायचो. शब्दाने खरंच होतं ते. म्हणूनच तर जास्त लाज वाटते.

आणि इनेसबाई. त्यांनी सहा वर्षं त्याचं तोंड बघितलं नाही. मग एका नाताळला स्वतः त्याच्या दारात गेल्या, हाताने विणलेला स्वेटर घेऊन. तेव्हापासून दर नाताळला एक. त्याला दुसरं कोणी नाही आणि त्यांनाही नाही.

जेवणाच्या दिवशी मी खिशात दोन कागद नेले होते. एकावर लोरेत्ताने टाइप केलेला इतिहास, दुसऱ्यावर माझ्या हाताने लिहिलेलं खरं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, तर म्हटलं, आज फुटू दे. आदेल्मो तर गेला, मलाही एकाहत्तर पुरी झाली. ओरियानोचं हृदय तर अर्धंच चालतंय, डॉक्टरने उन्हाळ्यापलीकडचं काही बोलायचं टाळलं होतं. त्याने निदान हलका होऊन जावं, एवढीच माझी इच्छा होती. ती तरी खरी होती.

मी उभा राहिलो. समोर शेडभर लांब टेबल, कापेलेत्तीचं, सारण भरलेल्या छोट्या टोप्यांचं, वाफाळतं सूप, साठ-सत्तर माणसं. टोकाला ओरियानो, गेल्या नाताळच्या करड्या स्वेटरमध्ये. शेजारी शहाऐंशीच्या इनेसबाई त्याच्या सुपावर चीज भुरभुरत होत्या, कारण त्याचा हात थरथरतो. मी कोंबड्यांपासून सुरुवात केली, लोक हसले. तिन्ही जगज्जेतेपदं सांगितली, जर्मनीचा पाऊस सांगितला. एक्केचाळीस विजय म्हटल्यावर टाळ्या पडल्या. मग अठ्ठ्याऐंशी आलं. माझा हात खिशातल्या दुसऱ्या कागदावर होता. इनेसबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मी लोरेत्ताचाच कागद वाचला. "त्या वर्षी एका चुकीमुळे आपण एर्मेसला गमावलं."

सगळ्यांच्या माना हळूच टोकाकडे वळल्या. ओरियानोने चमचा खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला.

मी मागोमाग गेलो, तर तो शेडच्या भिंतीला बाहेरून टेकून उभा होता. माझ्या चाहुलीने मान न वळवता म्हणाला, "आकडे बरोबर सांगितलेस." मग माझ्याकडे वळून, "विदमेर, आता शेवटचं विचारतो. पुन्हा नाही विचारणार. चौथ्याला मी पाना लावताना—"

"चौथ्याला तू हातच लावला नव्हतास," मी म्हटलं.

त्याला समजायला वेळ लागला नाही. हाडाचा मेकॅनिक तो. "तुझी चेरी वाळली होती," तो म्हणाला. "त्या सकाळी मी तुझी बाटली हलवून बघितली होती. बघितली होती रे मी." आणि खाली बसला, शेडच्या उंबऱ्यावर. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. "तीनच होते," तो म्हणाला. "मला तीनच आठवत होते."

"मी आत जाऊन सांगतो. आत्ता. सगळ्यांसमोर."

"आत ती बसलीय." त्याने स्वेटरची बाही ओढली. "तिला सहा वर्षं लागली एकदा माफ करायला. शहाऐंशीची आहे ती. पुन्हा कोणावर चिडायचं, पुन्हा कोणाला माफ करायचं? एवढं तिच्याच्याने आता व्हायचं नाही. आणि मग मला स्वेटर कुठल्या नात्याने देईल ती? तू गप्प बसायचंस, विदमेर. तुला जमतं ते." तो उठला आणि मागच्या शेतातून घराकडे चालत गेला. त्याचं सूप आत तसंच राहिलं.

थोड्या वेळाने इनेसबाई काठी टेकत बाहेर आल्या. "ओरियानो गेला वाटतं. त्याच्या मनाला फार लागतं रे अजून. त्याच्याकडे जात जा तू अधूनमधून."

"हो," मी म्हटलं.

त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. पट्टा लावला आणि सवयीने दोनदा ओढून बघितला. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"किती नीट करतोस तू सगळं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पुढच्या चाकाशी तू असायला हवा होतास."

मी दार लावून घेतलं.