बुटक्याला जादू येत नाही

फासा सहा तोंडांचा असतो, एवढं तर डोंगरकडा गावातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. पण शेषराव गुरुजींच्या सोनाजीनं अमेरिकेहून आणलेल्या फाशाला वीस तोंडं होती. वीस! त्याच्या आईनं, सोजराबाईनं, तो तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला, पण काही केल्या तिला त्याचा तळ सापडेना.

"अगं माय," ती म्हणाली, "कुण्या बाप्यानं घडवलं असंल हे?"

सोनाजी हसला. पोराचं हसू तेवढं जुनं राहिलं होतं, बाकी सगळं बदललं होतं. दोन वर्षांपूर्वी तो शिष्यवृत्तीवर शेतीचं शिकायला गेला, आणि या १९७९ च्या मे महिन्यात सुटीवर आला. आता आठवडाही उरला नव्हता. शुक्रवारी कळमनुरीहून नांदेडची एसटी धरायची, की मग चार वर्षं लेकराचं तोंड दिसायचं नाही.

पण सोजराबाईला सलत होतं ते वेगळंच. पोराची पत्रं यायची गुरुजींच्या नावानं. गुरुजी वाचून दाखवायचे, नाही असं नाही. पण माणूस पडला शाळामास्तर! मायेचा मजकूर आला की घसा खाकरायचे आणि पुढच्या ओळीवर उडी मारायचे. आपल्या वाट्याची ओळ मधेच गळाली हे तिला बरोबर कळायचं, कोणती गळाली ते मात्र कळायचं नाही. आणि परवा सोनाजी बापाला हळूच म्हणाला ते तिनं चुलीपाशी बसून ऐकलं होतं, "बाबा, मायला वाचता येत असतं तर मी तिला येगळं पत्र लिवलं असतं. दुसऱ्या कुणी न वाचायचं."

त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता.

वाचायला शिकायची सोय नव्हती असं म्हणावं तर तेही खोटं. गुरुजींनी बुद्धविहारात संध्याकाळचा प्रौढांचा वर्ग काढला होता. साठी उलटलेली रूपाबाईसुद्धा पदराखाली पाटी धरून तिथं जायची. जात नव्हती ती एकटी गुरुजींची बायको. गाव हसायचं, गुरुजी विनवायचे, आणि हिचं उत्तर ठरलेलं, "माझं डोकं खडीचं हाय. त्यात अक्षर रुतत न्हाई." सात वर्षांची असल्यापासून ती सडकेवर खडी फोडत आली होती. गुरुजी मास्तरकीचं शिकत होते तेव्हा घर चाललं ते त्याच खडीवर. दगडाचा जन्म आपला, दगडातच गेला, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी त्या फाशाचा खेळ मांडायला सोनाजीनं लिंबाच्या सावलीत घोंगडी अंथरली. तातेराव आपली मेंढरं सावलीला बसवून आला. धनगराचा तातेराव चौथीपर्यंत सोनाजीच्या बाकावरचा. तिसरे भिडू म्हणून गुरुजी बसले, तेही नाइलाजानं.

"काकू, तुमीबी बसा की," तातेराव म्हणाला.

"मी? मला काय समजतंय त्यातलं!" असं म्हणत म्हणत सोजराबाई घोंगडीच्या कडेला टेकलीसुद्धा. पोरगं परदेशात शनिवार-रविवार ज्याच्यात रमतं ते एकदा बघून घ्यावं, एवढाच तिचा विचार.

"पट कुठाय?" गुरुजींनी विचारलं.

"पट न्हाई बाबा. मी सांगत जाईन, तुमी डोळ्यासमोर आणायचं. मग तुमी काय करता ते सांगायचं. जमलं का फसलं ते फासा सांगंल, मोठा आकडा पडला तर जमलं." सोनाजीनं पिशवीतून एक पातळसं छापील पुस्तक काढलं. "आधी वंश निवडायचा. माणूस हाय, लांबकाने हायेत, बुटके हायेत. लांबकाने रानात ऱ्हातात, हजार वर्षं जगतात, तिरंदाजीत पक्के."

"रानातले ना? मग मी तोच," तातेराव म्हणाला. "हजार वर्षं जगतो म्हंजे मेंढरं किती व्हतील रे?"

"बुटके डोंगराच्या पोटात ऱ्हातात. दगड फोडतात, खाणी खणतात. दगडातलं त्यायच्याइतकं कुणालाच कळत न्हाई."

"आता गं बया!" सोजराबाईच्या तोंडून निघालं. सात समुद्रापल्याडच्या पुस्तकात खडी फोडणारे? तिला अंगावरून कोणी मोरपीस फिरवल्यागत झालं. "मी बुटका."

"मी आपला माणूस," गुरुजी म्हणाले. "तेवढं व्हायलाच निम्मं आयुष्य गेलंय."

मग आले पेशे. लढवय्या, धर्मगुरू, जादूगार. धर्मगुरू म्हणताच गुरुजींनी कानावर हात ठेवले आणि लढवय्या पत्करला. "आन् जादूगार?" सोजराबाईनं विचारलं.

"त्याच्यापाशी एक पुस्तक असतं माय. ते उघडून वाचलं की हातातून उजेड निघतो. बंद दारं उघडतात."

सोजराबाई पदर सावरत, लाजत, खाली बघत म्हणाली, "मंग मी तेच व्हते."

तातेरावानं गुरुजींकडे पाहिलं. सोनाजी मात्र पुस्तकात होता. सवयीनं, सहज, भाजीत मीठ नाही म्हणावं तसं तो बोलून गेला, "बुटक्याला जादू येत न्हाई, माय. त्यानं निस्तं लढायचं. जिंकत गेलं की बाकीचे पायऱ्या चढत जातात, पण ह्यानं सहाव्या पायरीपर्यंतच, त्याच्या वर चढायचं न्हाई. पुस्तकात तसं हाय."

"व्हय का?" सोजराबाई म्हणाली. "बराबर हाय."

तिनं हात मांडीवर ठेवले. राग नाही, रुसवा नाही. जिथं तिथं हेच ऐकत आलेली बाई, तिला त्यात नवल ते काय! पुस्तकवाले तिकडे, दगडवाले इकडे. छापूनच आलंय म्हटल्यावर बोलायचं काय?

पण गुरुजींचा चेहरा काळा ठिक्कर पडला. वीस वर्षं समतेसाठी गावोगावच्या सभा गाजवणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या अंगणात त्याची बायको 'बराबर हाय' म्हणाली होती.

"सोनाजी," ते म्हणाले, "हे लिव्हणारा कोण? माणूस का बुटका?"

"माणूस, बाबा."

"आन् माणसाला कोणता पेशा बंद हाय?"

सोनाजीनं पान उलटलं, परत उलटलं. "कोणताच न्हाई."

"तरीच!"

सोनाजीचे कान लाल झाले. दोन वर्षं तो हा खेळ खेळत होता. ही ओळ शंभरदा वाचली असेल. ज्यांच्या घराण्यात बापाच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाटीला हात लावला नव्हता, त्या घरातलं पोरगं तो. आणि त्याला ही ओळ एकदाही खटकली नव्हती! आईनं मान डोलावली तेव्हा कुठं खटकली. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की सांगता सोय नाही.

त्यानं बापाच्या खिशातला पेन ओढला आणि त्या छापील ओळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फराटा मारला.

"अरे!" सोजराबाई उठून उभीच राहिली. "छापलेलं हाय ना ते!"

"मग?"

"छापलेलं खोडता येतंय?"

तिला खरोखरच माहीत नव्हतं. छापील म्हणजे तिच्या लेखी तहसीलचा कागद, कोर्टाचं समन्स. त्याखाली आंगठा टेकवायचा एवढाच आपला संबंध. आता काहीतरी होणार म्हणून ती इकडंतिकडं बघू लागली. काहीच झालं नाही. एक मेंढरू शिंकलं. लिंबाची दोन पिवळी पानं घोंगडीवर पडली. मग ती परत घोंगडीवर बसली, या वेळी कडेला नाही, मधोमध.

खेळ सुरू झाला. डोंगरात दगडाचं दार होतं, कडी नाही, कोयंडा नाही. तातेरावानं बाण मारला, फाशावर पडले तीन. गुरुजींनी खांदा लावला, पडले दोन.

"गुरुजी, तुमची ताकद खडूपुरतीच," तातेराव म्हणाला.

"थांबा," सोजराबाई म्हणाली. "दगड काळा हाय का तांबडा?"

सोनाजीनं याचा विचारच केला नव्हता. "काळा."

"मंग त्याला शीर असंल." तिनं हवेत बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला, हात थोडा सरकवला, पुन्हा ठोकलं. "हितं भरीव. हितंबी भरीव." तातेराव पुढे सरकला. "हितं... हितं पोकळ वाजून राहिलंय."

"आता पुस्तक उघड, माय. मंतर वाच."

तिनं दोन्ही तळवे जोडून समोर उघडले आणि तिथंच थबकली. "मला कुठं येतं रे वाचायला?"

"खेळात येतं," सोनाजी म्हणाला.

सोजराबाई तळव्यांकडे बघत राहिली. घट्टे पडलेले, चिपा उडून व्रण उमटलेले हात. मग तिनं एक बोट उचललं आणि गुरुजी वर्गात फिरवतात तसं डावीकडून उजवीकडे, ओळीनं, सावकाश फिरवलं. ओठ हलत होते. शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत. मग फासा टाकला. अकरा. पुरेसे होते.

"दार उघडलं," सोनाजी म्हणाला. "आत..."

"तू गप. मला दिसून राहिलंय." तिचे डोळे मिटलेले होते. "मी नऊ वर्षांची व्हते तवा एक दगड फोडला. वरून काळा, मढ्यावानी. आन् आत गारगोट्यायची फुलं! चमचम, चमचम. मुकादमानं हातातून काढून नेला तो. आता हा आख्खा डोंगर आतून तसाच हाय. छताला फुलं, भिताडाला फुलं. माझ्या हातातला उजेड जिकडं जातो तिकडं ती पेटून राहिलीत. तातेराव, हळू पाय टाक बाबा. एवढं सगळं आत व्हतं, आन् आमी जल्मभर वरूनच फोडत बसलो रे!"

तातेरावानं खरोखरच पाय आखडून घेतला. गुरुजींनी चष्मा काढला. पंचवीस वर्षांचा संसार झाला होता आणि ही बाई त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. ते तिच्याकडे नुसते बघतच राहिले.

"माय," सोनाजी घाईघाईनं म्हणाला, "सहाव्या पायरीची ओळ ऱ्हायली. ही बघ. ही तुझ्या हातानं खोड."

तिनं पेन घेतला. त्यानं बोट ठेवलं तिथं टोक टेकवलं. आणि हात थांबला.

"हीच ओळ कशावरून?"

"हीच हाय ना! मी सांगतो ना तुला."

"तूच सांगतो. तुझा बाप सांगतो. आजवर कुणी ना कुणी सांगितलं तेवढंच मला कळलं." तिनं टोक उचललं. "न्हाई सोनाजी. जे खोडायचं ते आधी मला वाचता आलं पायजे."

"विंग्रजी हाय ते, माय."

"मग आधी मराठी शिकते, मग विंग्रजी."

"लई वर्षं लागतील."

"चार वर्षांनी येणार ना तू?" तिनं पुस्तक मिटलं आणि मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवले. "हे हितंच ऱ्हाईल. तवर मी सहाव्या पायरीवर बसून ऱ्हाते."

गुरुजी काहीतरी बोलू गेले, तर तिनं त्यांना हातानंच थांबवलं.

"तुमी सांजच्याला एक पाटी जास्त घ्या," ती म्हणाली. मग पोराकडे वळली. "आन् तू तिकडं पोचला की माझ्या नावानं पत्र टाक. मोठ्या अक्षरात लिव, सोपे शब्द लिव. पाकिटावर लिव, 'बाबायनं फोडू नये'. ते मी पयलं वाचीन."